हा अंक उशिरा का निघाला

दोस्तहो,

१४ एप्रिलला निघायचा अंक आज, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, छापायला जातोय. सहा डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीच्या वाटेवर, नेहमीच्या फूटपाथवर तो तुम्हाला मिळेल. उशीर झाला त्यात प्रेसवाल्याचा दोष नाही, आणि कागद महागला ही आपली नेहमीची सबबही या वेळी चालणार नाही. कारण मी आहे. अठ्ठेचाळीस जणांनी दोनशे-दोनशे रुपये वर्गणी दिली होती. ते ९,६०० रुपये माझ्याकडं होते. मार्चमध्ये मी ते कुणालाही न विचारता उचलले आणि किकवीला थोरल्या भावाची दारू सोडवायला घातले. पैसे बुडाले. भाऊ तेव्हा काही सुटला नाही.

एप्रिलअखेर वडाळ्यात चहाच्या टपरीमागं आपली बैठक झाली. बैठक म्हणजे पाच टाळकी आणि तीन चहा. तिथं मी सगळं ओकलो. शिव्या खाल्ल्या, त्या खायच्याच होत्या. पण एक वाक्य असं आलं की ते सात महिने डोक्यात घण घालतंय. आपलाच एक साथी म्हणाला, "दारुड्यावर चळवळीचा पैसा घालवलास? अरे, एखाद्या अट्रॉसिटीच्या केसला दिला असतास तर एका शब्दानं बोललो नसतो."

माफी मी त्याच दिवशी मागितली. हे लिहितोय ते त्या वाक्याला उत्तर म्हणून.

किकवी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडं निघालं की नसरापूरचा फाटा जातो, कापूरहोळ जातं, मग भोर तालुक्यातलं आमचं गाव. पुढं नीरा नदी ओलांडली की शिरवळ, सातारा जिल्हा. गाव हायवेला चिकटलेलं. रात्रभर ट्रक चालू. दादा नवव्या वर्षी एका ढाब्यावर ग्लास विसळायला लागला. ग्लासाच्या तळाला ट्रकवाल्यांची उरलेली असायची, ती पोरं चाटायची. मोठी माणसं हसायची. तिथून सुरुवात. पुढं तो शिरवळकडं कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. बारा तासांची पाळी, पाळी सुटली की क्वार्टर. मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटा. दहावी झालो, मुंबईला गोदीत ठेकेदाराच्या टोळीत चिकटलो. जहाजातून उतरणाऱ्या पोलादी कॉइलींना तारा बांधायच्या, सोडायच्या. मग कविता करायला लागलो. घरातला हुशार मी आणि बेवडा तो, अशी वाटणी गावानं करून टाकली. खरं सांगतो, मलाही ती वाटणी सोयीची वाटली.

१५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं हुकूम काढला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. १ एप्रिल २०१७ पासून बंद. आईनं बातमी ऐकून खीर केली होती. पण ती तारीख उजाडायच्या आदल्या दिवशी कोर्टानंच वीस हजारांच्या आतल्या वस्तीसाठी अंतर २२० मीटरवर आणलं. २२० मीटर म्हणजे चालत तीन मिनिटं. दुकान किती मीटरवर असावं याचं माप एवढं बारकाईनं घेतलं गेलं. दारू सोडायला निघालेल्या माणसाला मदत किती किलोमीटरवर मिळते, याचं माप घ्यायला मात्र आजवर कुणी टेप काढलेली नाही. आमच्या बाबतीत ते चाळीसेक किलोमीटर निघालं. तेही दोनदा चुकून.

पहिली चूक तुमच्या पैशांची. स्टँडजवळच्या खांबावर हँडबिल होतं: दारू खात्रीनं सोडवू, पेशंट घरून नेऊ. तीन महिन्यांचे चोवीस हजार, आगाऊ. ९,६०० आपल्या अंकाचे, बाकीचे वहिनीचं डोरलं गहाण टाकून. रात्री जीप आली. चार जण उतरले आणि डुकरं धरून नेतात तसं दादाला धरून घेऊन गेले. मी अंगणात उभा होतो. मला वाटलं, काम फत्ते.

तिथं एका हॉलमध्ये तीस माणसं. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पहिल्या रात्रीपासून दोरीनं खाटेला बांधलेला. सकाळी उपदेश, दुपारी भांडी घासणं, चुकलं की पट्टा. सव्विसाव्या दिवशी तो संडासच्या खिडकीतून पळाला. पैसे परत मागायला गेलो तर म्हणाले, पेशंटनं नियम मोडला. नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूचं आणि इतर नशेचं व्यसनही येतं. त्या कायद्यानुसार अशा जागेची नोंदणी लागते, पेशंटला साखळदंडानं जखडायला बंदी आहे, पेशंटला आपल्या उपचाराबद्दल विचारायचा हक्क आहे. हे मला माहीत नव्हतं. मी कायद्याच्या गोष्टी सांगत फिरणारा कार्यकर्ता, अट्रॉसिटीचं कलम तोंडपाठ, आणि हा कायदा मला ठाऊक नाही. का? कारण दारुडा माझ्या लेखी पेशंट नव्हताच. तो घराण्याला लागलेला डाग होता.

दुसरी चूक आपल्या सगळ्यांची. पळालेला दादा थेट माझ्याकडं मुंबईला आला. सव्वीस दिवस कोरडा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मी त्याला घेऊन गेलो. डीजेच्या गाडीमागं काय चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पोरांनी ग्लास पुढं केला. दादा दोनदा "नको" म्हणाला. तिसऱ्यांदा आपला हा अंक विकणारा एक पोरगा म्हणाला, "बाबासाहेबांचा वाढदिवस हाय, मर्दा." दादानं ग्लास घेतला. मी तेव्हा पुढच्या ट्रकवर कविता वाचत होतो. कविता विद्रोहाची होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या बापजाद्यांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. सतरावी दारूची आहे. त्या आपल्या घराघरात फ्रेम करून लावलेल्या आहेत. त्या दिवशी ट्रकवर डाव्या बाजूला होत्या, स्पीकरच्या खोक्याला टेकवून.

आता मामाबद्दल. त्या एप्रिलअखेरच्या बैठकीत टपरीवर एक म्हातारा चहा पीत बसला होता. गोदीतला जुना कायम कामगार, आता रिटायर. तुम्ही सगळे उठून गेल्यावर तो माझ्याजवळ सरकला. पहिला प्रश्न पैशाबद्दल नव्हता. म्हणाला, "पोरा, बांधला होता का रे त्याला?" मी हो म्हणालो. म्हणाला, "मलाही बांधलावता. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव." आणि फोन नंबर दिला.

१९ मेच्या रात्री वहिनीचा फोन आला. दादानं दोन दिवसांपूर्वी स्वतःहून बंद केली होती. कुणाला न सांगता, आपल्या जिवावर. आता भिंतीवरनं मुंग्या उतरतायत म्हणून ओरडत होता, घाम, हातपाय थडथड, आईला ओळखत नव्हता. शेजारीपाजारी म्हणत होते की बाहेरचं आहे, कुणी म्हणत होतं बांधा. मी मामाला फोन लावला. मामा झोपेतून उठून जे बोलला ते मी इथं मुद्दाम मांडतो, कारण हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू तोडली तर मेंदू भडकतो. दारूनं दाबून ठेवलेली यंत्रणा उसळते. पहिल्या दिवशी थरथर. मग आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप. यात माणूस मरतो. त्याला इच्छाशक्ती कमी पडली म्हणून नाही, औषध पडलं नाही म्हणून मरतो. औषध आहे, जुनं आहे, स्वस्त आहे: डॉक्टरच्या नजरेखाली आठवडाभर कमी कमी करत न्यायच्या शांततेच्या गोळ्या, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, कारण दारुड्याचं अंग त्या जीवनसत्त्वाला पारखं झालेलं असतं. मामा म्हणाला, "बांधू नका. दिवा चालू ठेवा. एक माणूस जवळ बसू दे. आत्ताच्या आत्ता दवाखाना. डॉक्टरला दोनच गोष्टी आधी सांगा, रोज किती प्यायचा आणि शेवटची कधी घेतली."

पहिल्या दवाखान्यात "उतरली की येईल शुद्धीवर" म्हणून हाकललं. दुसऱ्या, पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं मामाचे ते दोन प्रश्न स्वतःहून विचारले, तेव्हा मला रडू आलं. आठ दिवस तो तिथं होता. मामा मुंबईहून पहिली एसटी धरून आला होता. तो खाटेजवळ बसून फक्त वेळ सांगायचा: "साडेचार वाजले. आता पाच वाजले." दादाला उजेड-अंधार कळत नव्हता, म्हणून.

तिथून पुढं पुण्यातल्याच एका केंद्रात पस्तीस दिवस. या वेळी पैसे माझ्या टोळीनं दिले. सगळ्यांनी एकेका पाळीची मजुरी काढली. त्यात दोन जण स्वतः पिणारे होते. या केंद्रात दादाशी बोलणारी बाई तिशीतली, समाजकार्य शिकलेली. पगार किती, तर दादाला ठेकेदार देतो त्याच्या आसपास. पहिल्या दिवशी तिनं दादाआधी वहिनीला बसवून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?" बारा वर्षांच्या संसारात वहिनीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, मी तर नाहीच. तिथं बायकांचा वेगळा गट बसायचा. नवऱ्याच्या खिशात हात घालून पैसे मोजणं, दाराकडं कान लावून बसणं, शेजारणीशी खोटं बोलणं, हे सगळं करून बाईचाही एक आजार होतो, हे वहिनीला तिथं कळलं.

दादाला त्या बाईनं काय दिलं? उपदेश नाही. चार शब्द दिले: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की या चारातलं काय लागलंय ते आधी बघायचं. भूक असेल तर खा. थकवा असेल तर झोप. तलफ लाटेसारखी असते, वीस-तीस मिनिटं तग धरला की ओसरते. तेवढ्यात फोन कर. बारा तासांच्या पाळीनंतर भूक, थकवा आणि मुकादमावरचा राग एकदमच लागतात, हे दादानं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग पाळी सुटायच्या आधी डबा खायचा. एवढीच गोष्ट. पण मी दहा वर्षं मार्क्स, फुले, आंबेडकर वाचून माझ्या भावाला "पाळी सुटायच्या आधी डबा खा" एवढं सांगू शकलो नव्हतो.

आणि तरीही गणपती विसर्जनाच्या रात्री तो घसरला. कंपनीतल्या पोरांबरोबर. मी फोनवर आईबहिणीवरनं शिव्या घातल्या. मामानं घातल्या नाहीत. विचारलं, "घसरलास, मग फोन किती वाजता केलास?" दादा म्हणाला, पहाटे पाचला. मामा म्हणाला, "आधी महिनाभर फोन बंद असायचा. आता एका रात्रीत केलास. चल, परत मोजायला सुरुवात." आज पंच्याऐंशीवा दिवस आहे. उद्याचं मी लिहून देत नाही. दादाही देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तुझ्या घरची कहाणी झाली. नाही दोस्तहो. हे काम करणाऱ्यांची एक परंपरा महाराष्ट्रात आहे आणि आपल्याला तिची गंधवार्ता नाही.

२९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. त्या वेळी पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पोरं गिळत होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी ते वाचून एक लाख रुपये दिले, आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या. पुढं मुक्ता पुणतांबेकरांनी ते चालवलं. सदाशिवपेठी म्हणून आपण ज्यांना एका फटक्यात निकालात काढतो, त्यांच्यातलीच ही माणसं. कामाची पद्धत बघा. तिथं काम करणारे बरेच जण एके काळचे पेशंट. जो काल खाटेवर होता तो आज दुसऱ्याच्या खाटेजवळ बसतो. बायकांसाठी 'सहचरी'. पस्तीस दिवसांनंतर घरी पाठवून हात झटकत नाहीत, पाठपुरावा चालू ठेवतात. २००९ साली व्यसनी बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, कारण बाई पिते म्हटलं की घर तिला दवाखान्यात नाही, उकिरड्यावर टाकतं. मुंबईत वांद्र्याला १९८१ साली फादर जो परेरांनी 'कृपा' सुरू केली. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले.

आणि मामा ज्या बैठकांना जातो ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही अट्टल पिणारे, एकमेकांना सावरताना सुरू झाली. भारतात १९५७ पासून. फी नाही, आडनाव नाही. आडनाव नाही! या देशात माणूस आडनावाशिवाय बसतो अशा जागा किती आहेत, मोजा.

मला तिथं एक गोष्ट खटकली, आणि ती मी मामाला तोंडावर विचारली. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो. आणि पहिल्याच पायरीत कबूल करायचं असतं की दारूपुढं आपण शक्तिहीन आहोत. मी म्हणालो, मामा, हजारो वर्षं आम्हाला शक्तिहीनच ठरवलं की. आता आम्ही स्वतःच्या तोंडानं ते म्हणायचं? आणि देव तर बाबासाहेबांनी आपल्या डोक्यावरनं उतरवला. मामा हसला. म्हणाला, "बाटलीपुढं शक्तिहीन, माणसापुढं नव्हे. मुकादमाच्या थोबाडीत मी दारू सोडल्यावर मारली, पिताना नाही. आणि देवाचं म्हणशील तर माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे त्या टेबलाभोवतीची ही वीस माणसं. मी बुद्धवंदना म्हणून घरनं निघतो, कुणी मला अडवलेलं नाही."

नंतर मी पंचशीलाचा विचार करत बसलो. पाचवं शील आपण लहानपणापासून म्हणतो. त्यात शब्द आहे सिक्खापद. सिक्खापद म्हणजे शिकायचा नियम. वरनं आलेला हुकूम नव्हे, मोडला की नरक असंही नव्हे. मी शिकायला घेतो आहे, एवढंच. आणि ते आपण एकदाच घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेला पुन्हा घेतो. म्हणजे घसरलेल्या माणसाला परत मोजायला लावणारा मामा आणि भंतेजी एकच गोष्ट सांगतायत. आपण मात्र शिलाचा दंडुका केला आणि दारुड्याच्या टाळक्यात हाणला. जो घसरला तो बाटला, जो बाटला तो वस्तीच्या टोकाला. हे आपण कुणाकडून शिकलो?

आता सरकारकडं वळू. २०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी बाहेर आली. १० ते ७५ वयाचे १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींना दारूपायी मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पुऱ्या कचाट्यात सापडलेल्या ३८ जणांमागं एकाला कसलातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळतो १८० मागं एकाला. म्हणजे दादा एकशे ऐंशीतला एक. बाकीच्या एकशे एकोणऐंशींच्या भिंतीवरनं मुंग्या उतरतायत.

या वर्षी, १० जून २०२५ ला, राज्याच्या मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं. वर्षाला जादा १४,००० कोटींची आशा. देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये. बहिणीला १,५०० रुपये लाडानं द्यायचे आणि तिच्या नवऱ्याच्या बाटलीतून व्याजासकट काढून घ्यायचे, असला हा कारभार. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी दारूच्या नव्या दुकानांना लेखी विरोध केला होता. तेव्हाचं सरकार गोऱ्यांचं होतं. गल्ल्याची भूक तीच आहे.

मी सरसकट बंदीच्या बाजूनं ओरडत नाही. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तरी २०१६ साली तिथं 'मुक्तिपथ' सुरू करावं लागलं: गावोगावचे गट, तालुक्याला उपचार. बंदी असो वा नसो, शेवटी खाटेजवळ बसून वेळ सांगणारा माणूस लागतोच. आणि तो माणूस फुकटात, हातात नियुक्तीचा कागद नसताना, मामासारखा स्वतःच्या पेन्शनीतून एसटीचं तिकीट काढून किती दिवस बसणार? मामानं आजवर किती जणांचा हात धरला आणि त्यातले किती टिकले, असं विचारलं तर तो बोटं मोजायला लागतो आणि मध्येच थांबतो. मयतीला जाऊन आल्यावर त्याला कोण विचारतं, तू जेवलास का?

आपणही आपल्या मोरीत बघू. आपल्या चळवळीनं पिणाऱ्या कवीचं कौतुक केलंय. ग्लास हातात असला की कविता पेटते, असं आपण नव्या पोरांना शिकवलं. मीही शिकलो, माझ्या पहिल्या सात कवितांत दारू आहे आणि एकीतही सकाळ नाही. सकाळी काय होतं ते वहिनीला माहीत होतं. तिला आपण कधी लिहायला सांगितलं नाही. कित्येक चांगले वक्ते, चांगले लढवय्ये आपण पन्नाशीच्या आत पोचवले, शोकसभेत रडलो आणि शोकसभेनंतर परत गुत्त्यावर गेलो. गटारात उतरणारा भाऊ वास सहन व्हावा म्हणून पितो, हे आपण भाषणात सांगतो. ते खरंच आहे. गटारात माणूस उतरवणं बंद झालंच पाहिजे. पण व्यवस्था बदलेपर्यंत त्याची लिव्हर थांबेल का?

तर "दारुड्यावर चळवळीचा पैसा?" या प्रश्नाला माझं उत्तर असं. न विचारता घेतला, ही माझी चूक. न शोधता भलत्या जागी घातला, ही त्याहून मोठी चूक. पण दारू सोडू बघणाऱ्या आपल्या माणसामागं उभं राहणं हे चळवळीचंच काम आहे, आणि ते अट्रॉसिटीच्या केसइतकंच किचकट, शिकून करायचं काम आहे. माझ्या मागण्या मांडतो. पटल्या नाहीत तर पुढच्या अंकात मला झोडा.

आपल्या प्रत्येक शाखेतले दोन जण, त्यात एक बाई, हे काम रीतसर शिकून घेतील. मुक्तांगणसारख्या जागी जाऊन बसतील, झाडू मारतील, ऐकतील. कुठं डॉक्टर आहे, कुठं नोंदणी आहे, कुठं दोरी आहे, याची यादी शाखेत टांगलेली असेल. तोवर हे दोन सरकारी नंबर पाठ करा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६. येत्या जयंतीला गाडीमागं ग्लास दिसता कामा नये. कुणाला मारून नव्हे. पंच्याऐंशी दिवस मोजणाऱ्या माणसालाही आपल्या बापाच्या जयंतीत नाचता आलं पाहिजे म्हणून. सरकारकडं मागणी ही, की त्या चौदा हजार कोटींतून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दारू तुटलेल्या माणसासाठी खाटा आणि शिकलेले डॉक्टर-नर्स द्या. समुपदेशकांना कायम नोकरी द्या. आणि स्वतः व्यसनातून बाहेर येऊन दुसऱ्याला सावरणाऱ्यांना कामगार म्हणून पगार द्या. मानधनाच्या चिल्लरीवर त्यांना वापरून घेऊ नका. माथाड्यांना १९६९ साली कायदा मिळाला तो भांडून मिळाला. हाही भांडून मिळेल.

पुढच्या अंकासाठी बायकांनी लिहावं. वहिनीनं दोन पानं दिलीत. शुद्धलेखन तिचंच ठेवणार आहोत.

आता हिशेब. वर्गणी जमा ९,६००. जादा पाळ्या करून मी परत भरले ६,४००. बाकी माझ्याकडून येणे ३,२००. तेवढी या अंकाची पानं कमी आहेत. फेब्रुवारीपर्यंत फेडतो.

सहा डिसेंबरला स्टॉलवर दादा बसणार आहे. मी त्याला म्हणालो, गल्ला तुझ्याकडं. मामा म्हणाला, एकट्याच्या हातात देऊ नकोस, पंच्याऐंशी दिवस म्हणजे अजून लेकरू आहे ते, दोघं बसू. तर गल्ल्यावर दोघं असतील. अंक घ्या, सुटे पैसे आणा, आणि दोघांना जेवलात का ते विचारा.

जय भीम.